तेल तुमचं, धूर आमचा

मुंबई हायमधून 21 मे 1976 रोजी तेल यायला लागलं. त्याच्या दोन वर्षं आधी ‘सागर सम्राट’ या खोदनौकेनं तिथे तेलाची पहिली विहीर खणली होती. अर्धशतक झालं या गोष्टीला. या अर्धशतकात त्या तेलाच्या स्वामित्वधनातले किती रुपये महाराष्ट्राच्या तिजोरीत आले, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही. घटनेच्या 297व्या कलमानं समुद्राखालची झाडून सगळी खनिजं केंद्राची. आसामात जमिनीवर विहीर खणली की स्वामित्वधन आसामला, गुजरातेत खणली की गुजरातला, आणि आमच्या दारासमोरच्या समुद्रात खणली की दिल्लीला. आमच्या वाट्याला जुहूहून उडणारी हेलिकॉप्टरं, उरणच्या किनाऱ्यावर अधूनमधून येणारा तेलाचा तवंग आणि काही नोकऱ्या. नोकऱ्या मिळाल्या, ते मी नाकारत नाही. कृतघ्नपणाचा आरोप नको.

आता त्याच समुद्राच्या तळाखाली कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड नेऊन पुरायचं घाटतंय. आणि काय चमत्कार पाहा, पन्नास वर्षं ज्यांना किनाऱ्यावर माणसं राहतात हे ठाऊकच नव्हतं, त्यांना एकाएकी ‘किनारपट्टीच्या जनतेचे लाभ’ आठवायला लागले. रोजगार येईल, हवा शुद्ध होईल, कौशल्यविकास होईल, मच्छीमारांच्या मुलांना नवं भवितव्य मिळेल. तेल काढताना जी माणसं दिसली नाहीत, ती धूर गाडताना दिसू लागली.

अजून काम सुरू झालेलं नाही. आहेत ते करार, अहवाल आणि परिषदा. एकट्या 2022 या वर्षात सरकारी तेलकंपनी ओएनजीसीनं नॉर्वेच्या इक्विनॉरशी सामंजस्य करार केला, मग शेलशी केला, आणि नोव्हेंबरात नीती आयोगानं कार्बन पकडणे, वापरणे आणि साठवणे यावर जाडजूड धोरण-अहवाल काढला. त्याच वर्षी पवईच्या आयआयटीत याच विषयाचं राष्ट्रीय केंद्र मंजूर झालं. म्हणजे विहीर नाही, नळ नाही, पण नैवेद्य वाढायला सुरुवात झाली आहे. बोलायची वेळ हीच. सिमेंट ओतून झाल्यावर बोलणाऱ्याला आपल्याकडे विकासविरोधी म्हणतात.

तुम्ही सांताक्रूझजवळच्या वाकोल्याचे, तुमचा समुद्राशी काय संबंध, असं विचारणारे भेटतीलच. वाकोल्याहून समुद्र दिसत नाही, कबूल. पण समुद्राला वाकोला चांगला दिसतो. आमचा वाकोला नाला वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, म्हणजे बीकेसीच्या, बाजूला मिठी नदीला मिळतो, मिठी माहीमच्या खाडीला. भरती आली की खाडीचं पाणी उलटं वर चढतं, आणि त्याच वेळी आभाळ फाटलं तर नाल्याच्या पाण्याला जायला वाट उरत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला. ती वेधशाळा आमच्या शेजारची, तो पाऊस आमच्या डोक्यावरचा. समुद्राची पातळी वाढणार म्हणजे नेमकं काय होणार, याचा अभ्यास करायला वाकोल्याच्या माणसाला नॉर्वेला जावं लागत नाही. पावसाळ्यात भरतीचं वेळापत्रक बघून तो तळमजल्यावरचं सामान उचलतो. उद्या कार्बनचे व्यवहार रंगतील तेही आमच्या नाल्यापलीकडच्या बीकेसीत. मिठीची पाणथळ बुजवून उभं राहिलेलं हे संकुल हवामान वाचवण्याचे सौदे करील, यातला विनोद कळायला बीकेसीत नोकरी नसणं मात्र आवश्यक आहे.

तेव्हा किनारपट्टीची जनता म्हणजे कोण, हे ठरवताना आम्हालाही मोजा.

आधी न्यायानं बोलू. तंत्र खोटं नाही. कार्बन डायऑक्साइड दाबून आठशे मीटरहून खोल खडकात सोडला की तो वायूसारखा पसरत नाही. द्रवासारखा दाट होतो, थोड्या जागेत पुष्कळ मावतो. वर चिकणमातीच्या खडकाचं अभेद्य झाकण असलं तर तो तिथे राहतो. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनर इथे 1996 पासून वर्षाला दहा लाख टनांपर्यंत वायू असा तळाखाली जातोय आणि तिथून तो वर आलेला नाही. आइसलंडमध्ये तर तो बेसाल्टमध्ये पाण्याबरोबर सोडला आणि दोन वर्षांच्या आत त्याचा बहुतेक सगळा भाग खनिज होऊन बसला. आपला दख्खनचा कातळही बेसाल्टच. विज्ञानाशी माझं भांडण नाही. मुंबई हाय बुडबुडा होऊन फुटेल आणि दादर गुदमरेल, असल्या अफवा पिकवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ते तेलक्षेत्र किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून जास्त लांब आहे.

पण आकडा बघा. स्लाइपनर वर्षाला फार तर दहा लाख टन पुरतं. भारत वर्षाला सुमारे तीनशे कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे तीन हजार स्लाइपनर. साऱ्या जगात आज चालू असलेल्या सगळ्या प्रकल्पांची मिळून वर्षाची क्षमता पाच कोटी टनांच्या आसपास. आणि आपण निघालो किनारपट्टी वाचवायला! समुद्र चढायचा तो चढणारच आहे; या विहिरींनी वाकोला नाल्याचं पाणी बोटभरही उतरणार नाही. सिमेंट आणि पोलाद या धंद्यांना दुसरा इलाज कमी आहे, त्यांच्यासाठी हे तंत्र लागेल, हे मला पटतं. मग तसं म्हणा. सिमेंटवाल्याची सोय म्हणा. आमचा लाभ का म्हणता?

आणि सोय फक्त सिमेंटवाल्याची नाही. खरी मेख पुढे आहे. ओएनजीसी आणि इंडियन ऑइलनं 2019 मध्ये करार केला, त्यात कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड गंधारच्या तेलक्षेत्रात सोडायचं ठरलं. कशासाठी? खडकात चिकटून बसलेलं तेल ढकलून वर काढण्यासाठी. शेलबरोबरच्या अभ्यासातही साठवणुकीच्या जोडीला हा उद्देश आहेच. इकडे मुंबई हायचं उत्पादन 1989 च्या दिवसाला साडेचार लाख पिंपांच्या वरून घसरून तिसऱ्या हिश्शाच्या आत आलेलं, म्हणून जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीनं ते वाढवायला ब्रिटनच्या बीपीला नेमलं. दहा वर्षांत तेल 44 टक्क्यांनी आणि वायू 89 टक्क्यांनी वाढेल, असा अंदाज दिला गेला. म्हणजे एकाच क्षेत्रातून एका हातानं जास्त तेल काढायचं आणि दुसऱ्या हातानं त्याच तेलाचा धूर पुरायचा बेत सांगायचा. रिकामं झालेलं गोदाम भाड्यानं द्यावं तसं हे चित्र रंगवलं जातं. गोदाम रिकामं झालंय कुठे? आणि सगळं तेल उपसून झालं तरी तेलक्षेत्रांत मावतं किती? देशाच्या साठवणक्षमतेचे 400 ते 600 अब्ज टनांचे जे कागदी अंदाज मिरवले जातात, त्यातला फार मोठा वाटा खाऱ्या पाण्याच्या खोल थरांचा आणि बेसाल्टचा आहे. जुन्या तेलक्षेत्रांचा वाटा त्यापुढे चिमूटभर.

शिवाय मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडीत आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की आम्ल होतं आणि आम्ल चुनखडीला काय करतं, हे आठवीच्या प्रयोगवहीत सापडतं. त्यात 1974 पासून पाडलेली शेकडो भोकं. प्रत्येक जुन्या विहिरीचं सिमेंट किती धड आहे, हे तपासल्याशिवाय झाकण घट्ट आहे असं म्हणता येत नाही. नॉर्वेसारख्या शिस्तीच्या देशातही स्नोव्हिट प्रकल्पात खडकातला दाब अपेक्षेपेक्षा लवकर वाढला आणि वायू दुसऱ्या थरात वळवावा लागला. ऑस्ट्रेलियाच्या गॉर्गनमध्ये ठरवलेला वायू पुरायचं लक्ष्य वर्षानुवर्षं गाठलं गेलं नाही. पाणी आणि वाळू आडवी आली. खडक करारपत्रं वाचत नाही.

स्पेनची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. व्हॅलेन्सियाच्या आखातात, किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटरवर, एक जुनं, उपसून संपलेलं तेलक्षेत्र होतं. तिथे नैसर्गिक वायू साठवायचा कास्तोर नावाचा प्रकल्प उभा राहिला. 2013 च्या सप्टेंबरात वायू भरत असताना भूकंप सुरू झाले. शेकडो, मोठ्यातला मोठा चारच्या वर. किनाऱ्यावरची माणसं घराबाहेर आली, प्रकल्प बंद पडला. मग कंपनीला शिक्षा झाली असेल ना? छे. सरकारनंच कंपनीला 135 कोटी युरो भरपाई दिली, कारण करारात तसं कलम होतं. ज्यांची घरं हलली त्यांच्याच खिशातून. आमच्याकडे 1967 च्या डिसेंबरातला कोयना धरणाजवळचा भूकंप कुणी विसरलेला नाही. खडकावरचा दाब बदलला की काय होतं, हे महाराष्ट्र दीडशेवर जीव देऊन शिकलाय. मुंबई हाय कोयना नाही आणि कास्तोरही नाही, कबूल. पण करारातलं कलम कास्तोरचं आहे की नाही, ते आम्हाला वाचू द्या.

आता लाभाकडे येऊ. लाभाचा आमच्या किनाऱ्याचा अनुभव काय, हे उरणला जाऊन विचारा.

जवाहरलाल नेहरू बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला. माणसं उरणजवळ नेऊन वसवली, वस्तीला नाव दिलं हनुमान कोळीवाडा. नावात बजरंगबली, घरात वाळवी. भिंती, दारं, तुळ्या पोखरल्या गेल्या आणि नव्या जागेसाठी दशकानुदशकं खेटे सुरू झाले. तेव्हाही लाभ सांगितलेच होते: बंदर येणार, नोकऱ्या येणार. पुढे बंदराच्या भरावांनी खाडीच्या वाटा अडल्या, भरतीचं पाणी फिरेना, पारंपरिक मासेमारी बसली. उरणच्या कोळ्यांनी दावा लावला, आणि 27 फेब्रुवारी 2015 ला राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठानं 1,630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये द्यायचा आदेश दिला. देणेकऱ्यांत बंदर होतं, सिडको होती आणि ओएनजीसीही होती. होय, तीच ओएनजीसी. भागिले 1,630 केलं तर घरटी पावणेसहा लाखांच्या आसपास येतात. एका पिढीच्या उपजीविकेची ही किंमत, आणि तीही सुखासुखी नाही: बंदर सर्वोच्च न्यायालयात गेलं.

हा आदेश मी लाभाच्या प्रत्येक माहितीपत्रकामागे छापून चिकटवायला तयार आहे. सरकारी कंपन्यांनी किनाऱ्याला जे दिलं ते माहितीपत्रक वाचून दिलेलं नाही, दावा हरून द्यायची पाळी आली. वरळीच्या कोळ्यांचं तेच. सागरी किनारा रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांतलं अंतर साठ मीटर ठेवलं होतं. बोटी कशा जाणार, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं डोकं आपटलं, काम अडवलं, तेव्हा 120 मीटर मिळाले. तंत्रज्ञांना साठ मीटर पुरेसे वाटत होते. बोट त्यांना चालवायची नव्हती.

उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात 3 सप्टेंबर 2019 ला आग लागून चौघे गेले. जानेवारी 2011 मध्ये मुंबई हायहून उरणला येणारी तेलवाहिनी गळली होती. तेल गळलं तर निदान दिसतं, वास येतो, मासा काळा पडतो. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेपेक्षा जड, खोलगट जागा धरून बसतो. अमेरिकेत मिसिसिपीतल्या सटार्शिया गावाजवळ 22 फेब्रुवारी 2020 ला त्याची वाहिनी फुटली. सुमारे दोनशे माणसं हलवावी लागली, पंचेचाळीस जण रुग्णालयात गेले, आणि गाड्या जागीच बंद पडल्या कारण इंजिनाला प्राणवायू मिळेना. म्हणजे रुग्णवाहिकाही चालेना. आमचा धोका दीडशे किलोमीटरवरच्या विहिरीत नाही. तो धूर जिथे पकडला जाईल तिथपासून समुद्रात उतरेपर्यंतच्या नळात आहे. आणि मुंबईत धूर पकडायचा तो कुठे? ट्रॉम्बे, माहुल, चेंबूर. देशातल्या गच्च वस्त्यांपैकी एकीच्या पोटातून.

माहुल! दोन तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या, शेजारी खतकारखाना, वीजकेंद्र. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं पाडली तेव्हा 2017 मध्ये माणसं उचलून इथेच आणून टाकली. उच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलं की या हवेत कुणाला राहायला लावता येणार नाही, दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना पंधरा हजार भाडं द्या. हरित लवादानं 2020 च्या ऑगस्टमध्ये भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम, एजिस आणि आणखी एका कंपनीला मिळून सुमारे 286 कोटींचा दंड ठोठावला. तो दंड कशाबद्दल होता? टाक्यांतून आणि मालाच्या चढउतारातून उडणाऱ्या सेंद्रिय रसायनांच्या वाफांबद्दल. कार्बन डायऑक्साइड पकडणारं यंत्र धुराड्यावर बसतं. टाकीच्या झाकणातून निसटणाऱ्या या वाफा ते पकडत नाही. उलट ते यंत्र चालवायला जास्तीचं इंधन जाळावं लागतं. म्हणजे माहुलचा धूर समुद्राखाली पुरला जाईल, कंपनीला कार्बनचं प्रमाणपत्र मिळेल, ते बाजारात विकलं जाईल, आणि माहुलच्या पोराचा खोकला होता तसाच राहील. हवा शुद्ध होईल म्हणणाऱ्यांनी हे वाक्य माहुलच्या गल्लीत उभं राहून म्हणून दाखवावं. आयजीच्या जिवावर बायजी उदार होते ती गोष्ट जुनी. इथे तर आयजीच्याच छातीवर बसून बायजी दान देतेय.

रोजगाराचं विचारूच नका. वायू जमिनीत सोडणारी विहीर यंत्रांवर चालते, दाबमापकांवर चालते, तिला मूठभर भूगर्भतज्ज्ञ आणि अभियंते लागतात. नाखव्याच्या मुलाला फाटकावर सुरक्षारक्षकाची वर्दी मिळेल, तीही ठेकेदाराकडून. बदल्यात वडलांना एक-दोन कव, म्हणजे जाळं लावायच्या जागा, कमी. समुद्रातल्या प्रत्येक फलाटाभोवती 500 मीटरचं वर्तुळ मच्छीमाराला बंद असतं. मासा मात्र फलाटाच्या खांबांना धरूनच फिरतो, हे कुठल्याही खलाशाला विचारा. साठवण सुरू झाली की गळतीवर लक्ष ठेवायला भूकंपलहरींची सर्वेक्षणं पुन्हा पुन्हा करावी लागतील. जहाजामागे काही किलोमीटर लांब तारा ओढत फिरायचं असतं, आणि त्या पट्ट्यातली जाळी उचलायला लावतात. हा खर्च कोणत्या रकान्यात धरलाय?

नॉर्वेचं नाव घेता ना, मग पुरतं घ्या. स्लाइपनरवाल्यांनी माशांच्या प्रेमानं वायू पुरला नाही. सरकारनं 1991 मध्ये समुद्रातल्या तेलधंद्यावर कार्बनचा कर बसवला. वायू हवेत सोडण्यापेक्षा पुरणं स्वस्त पडू लागलं, म्हणून पुरला. आणि त्यांच्या पेट्रोलियम कायद्यात मच्छीमारांच्या भरपाईचं एक अख्खं प्रकरण आहे. मासेमारीची जागा गेली, जाळं तुटलं, तळावर कचरा पडला, तर कुणी किती द्यायचं, ते आधीच लिहिलेलं. कोळ्याला लवादाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. आम्ही इक्विनॉरशी करार केला. हे प्रकरण त्या करारात सामानाबरोबर येईल का?

झोपडपट्टी पुनर्वसनात मुरलेल्या वाकोल्याला असल्या बाबतीत कुणी शिकवू नये. इथल्या कुठल्याही चाळकमिटीतली मावशी बिल्डर आला की पहिल्या बैठकीत विचारते: घर पूर्ण होईपर्यंत भाडं किती, कुठल्या तारखेला, आगाऊ किती महिन्यांचं, बिल्डर पळाला तर कोण? संमतीपत्रावर सही त्यानंतर. तिथे आधी सत्तर टक्के संमती लागायची, आता एक्कावन्न; समुद्राच्या बाबतीत किती लागते? शून्य. म्हणून मावशीचेच प्रश्न मी विचारतो. पुरलेल्या प्रत्येक टनामागे किनाऱ्याला किती? टनाला शंभर रुपये धरा. वर्षाला एक कोटी टन गेले तर शंभर कोटी होतात. ते 297व्या कलमाच्या वाटेनं दिल्लीला न जाता उरण, माहुल, ट्रॉम्बे, वरळी, माहीम, वर्सोवा इथल्या मच्छीमार संस्थांच्या आणि आमच्यासारख्या बुडणाऱ्या वस्त्यांच्या पर्जन्यवाहिन्यांच्या खात्यात थेट जातील, असा कायदा करता का? विहीर बंद केल्यावर जबाबदारी कुणाची आणि किती वर्षं? युरोपीय संघानं 2009 मध्ये साधारण वीस वर्षं कंपनीच्या गळ्यात बांधली आणि वर पैसेही ठेवून घेतले. आमचा आकडा काय? दाबाची, गळतीची मोजमापं रोजच्या रोज, मराठीत, फुटक्या फलकावर नाही, तर कोळीवाड्याच्या मोबाइलवर येणार का? देखरेखीच्या बोटी कोळ्यांच्या भाड्यानं घेणार, की सिंगापूरच्या कंपनीच्या? आणि माहुलच्या टाक्यांवर वाफा अडवणारी यंत्रणा पुरती बसल्याशिवाय तिथल्या धुराड्याला कार्बनचं प्रमाणपत्र मिळणार नाही, एवढी साधी अट घालणार का?

यातलं एकही कलम अवघड नाही. अवघड आहे ते कोळ्याला मालक मानणं.

मला भीती एका जुन्या युक्तीची आहे. जानेवारी 2020 मधल्या अधिसूचनेनं तेल आणि वायूच्या शोधाच्या विहिरी पर्यावरण परवानगीच्या ब-2 गटात ढकलल्या. त्या गटात जनसुनावणी लागत नाही. साठवणुकीच्या चाचणी-विहिरी उद्या ‘शोध’ म्हणून याच गटात घालायचा मोह होईल, आणि मग आमच्याशी बोलणं होईल ते थेट उद्घाटनाच्या मांडवात. तेव्हा सुनावणी घ्याच, आणि बीकेसीतल्या वातानुकूलित सभागृहात नको, जिथे कोळणीची पाटी दारातच अडवतात. एक उरणला घ्या, एक माहुलला, एक आमच्याकडे नाल्याकाठी. कागद मराठीत, महिनाभर आधी. तारीख 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीतली ठेवा, कारण एरवी ज्यांचं ऐकायचं ते समुद्रावर असतात. एकसष्ट दिवस आहेत, कुठलाही निवडा. आमच्याकडची तेवढी भरतीची वेळ टाळून.